एकशे चार वर्षांची वाटचाल
(मंडळाच्या वर्धापनदिनी नेसरी येथे केलेले भाषण)



नेसरीचे नाव निघाले की प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ या एका दिवसाने आपले गाव इतिहासात अमर झाले. मी आज दुसऱ्या तऱ्हेच्या शौर्याविषयी बोलणार आहे. ते एका दिवसाचे नव्हते, जन्मभराचे होते. ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. त्याच वर्षी कंपनीचा कारभार जाऊन राणीचे राज्य आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले, तेव्हा गागारिन अंतराळात फिरून आल्याला दीड वर्ष झाले होते. मधल्या काळात दोन महायुद्धे झाली, रशियात क्रांती झाली, हिरोशिमावर अणुबाँब पडला, आपला देश स्वतंत्र झाला. एका माणसाच्या हयातीत केवढी ही उलथापालथ!

पण या काळात बाईच्या पदरात काय पडले? १८९३ साली न्यूझीलंडमध्ये बायकांना मताचा अधिकार मिळाला. असा अधिकार देणारा तो पहिला देश. त्याच वर्षी विधुर अण्णांनी गोदूबाई या बालविधवेशी लग्न केले, तर मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला! अण्णा चिडले नाहीत आणि स्वस्थही बसले नाहीत. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला, आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून ते पायी तिकडे जात.

१९१६ साली युरोपात तोफा धडाडत होत्या, तेव्हा जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून अण्णांनी आपल्याकडे महिला विद्यापीठ सुरू केले. पुढच्याच वर्षी आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, अण्णांनी खेड्यांत शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापले. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, समता संघ काढला. न्यूझीलंडच्या बायकांचा तो अधिकार आपल्या देशातल्या प्रत्येक सज्ञान बाईला १९५० च्या घटनेने मिळाला, तेव्हा अण्णांनी नव्वदी ओलांडली होती. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले.

भगिनींनो, जगात बदल होतात, पण ते आपण होऊन आपल्या उंबऱ्याच्या आत येत नाहीत. कोणीतरी ते पायपीट करून आणावे लागतात. माझी आजी अंगठा उठवीत असे. आई चौथीपर्यंत शिकली. मी आज लिहून आणलेले भाषण तुमच्यापुढे वाचते आहे. एवढ्या वाटेला आमच्या घरात तीन पिढ्या लागल्या.

म्हणून माझी एकच विनंती आहे. ज्या घरात मुलीची शाळा सुटण्याच्या बेतात असेल, त्या घरी आपल्यापैकी दोघीतिघींनी जाऊन बसावे. भांडायला नव्हे, समजावायला. एकदा नाही ऐकले तर पुन्हा जावे. अण्णा असेच जात असत.