दुर्मीळ धातू आणि प्राण्यांचे शरीर

वणीत धुळीचा विषय निघाला की कोळशाची धूळच डोळ्यांपुढे उभी राहते. आज आम्ही निराळ्या धुळीविषयी बोलणार आहोत. लँथॅनम, सीरियम, इटर्बियम वगैरे १७ मूलद्रव्यांना दुर्मीळ मृदा धातू म्हणतात. नाव दुर्मीळ, पण भूकवचात सीरियम जवळजवळ तांब्याइतके आहे. जुन्या गॅसबत्तीच्या जाळीतही ते थोडेसे असे.

जनावराने हे धातू गिळले, तर आतड्यातून हजारात एक भागही रक्तात जात नाही; बाकी सारे शेणावाटे बाहेर. म्हणूनच संशोधक चाऱ्याला इटर्बियम लावतात आणि चारा गाईच्या पोटात किती वेळ राहिला, ते शेण तपासून ठरवतात. हेही कष्टाचेच काम!

रक्तात शिरले तर गोष्ट वेगळी. हलके धातू बहुतांशी यकृतात जातात व पित्तावाटे हळूहळू बाहेर पडतात. जड धातू मात्र हाडांत बसतात, ते वर्षानुवर्षे.

श्वासावाटे गेलेली, न विरघळणारी भुकटी तर फुप्फुसातच मुक्काम ठोकते. पूर्वी सिनेमागृहांत प्रोजेक्टरचा उजेड कार्बनच्या कांड्या पेटवून मिळे; त्या कांड्यांत सीरियमसारखे धातू भरलेले असत. ऑस्ट्रेलियातील एका मृत प्रोजेक्टर-चालकाच्या फुप्फुसांत ते साठलेले आढळल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले. पडद्यावरची चित्रे सर्वांनी पाहिली, धूर त्याच्या वाट्याला आला.

तेव्हा "पदार्थ निरुपद्रवी आहे, जनावरांना खाऊ घालून पाहिला" असे कोणी मालक सांगू लागला, की आम्ही विचारतो: साहेब, खाऊ घातलात, पण हुंगवून पाहिलात काय?