रुग्णाची हजेरी

माझें सारें आयुष्य वर्गांतील मुलांची हजेरी घेण्यांत गेलें. परंतु घरांतील रुग्णाची हजेरी कशी घ्यावी, हें मला पेन्शन घेतल्यावर एका विद्यार्थिनीनें शिकविलें. ती माझी पुतणी. परिचारिकेच्या शिक्षणाचें तिचें तें दुसरें वर्ष होतें.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला ताप आला. तिसऱ्या दिवशीं तो उतरला, आणि मीं डॉक्टरांना फोनवरून मोठ्या समाधानानें कळविलें, “आतां बरें आहे.” सायंकाळीं पुतणी आली. काकूचें मनगट हातीं धरून, घड्याळाकडे दृष्टि लावून ती बसली. नाडी मोजून झाल्यावरहि तिनें हात सोडला नाहीं. मग मला बाहेर नेऊन ती म्हणाली, “काका, ताप गोळीनें उतरला आहे. श्वास मात्र मिनिटाला ३० आहेत. आतां थांबूं नका.” त्याच रात्रीं रुग्णालयांत न्युमोनियाचें निदान झालें. पत्नी बरी झाली. पण ‘बरें आहे’ हे माझे शब्द मला अजून बोचतात.

तिनें हात कां धरून ठेवला होता? आपले श्वास कोणी मोजीत आहे असें कळलें, कीं मनुष्य नकळत त्यांची गति बदलतो. म्हणून नाडी पाहत असल्याचें भासवावें, आणि छातीचें वरखालीं होणें पूर्ण एक मिनिट मोजावें. विश्रांति घेत असलेल्या प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात, नाडीचे ठोके ६० ते १००. नाडी पाहतांना आपला अंगठा वापरूं नये. त्याचेच ठोके मोजले जाण्याचा संभव असतो. दोन बोटें पुरेत.

ही दृष्टि नवी नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवाची परिचारिकांची शाळा लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयांत १८६० सालीं निघाली. रुग्णाचें अचूक निरीक्षण हा परिचारिकेचा मुख्य धर्म, असा या बाईंचा आग्रह होता. वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांनीं १८६८ सालीं रोगांतील उष्णतामानावर ग्रंथ लिहिला. आज बोटाला लावून रक्तांतील प्राणवायु दाखविणारें यंत्र घरोघरीं आलें आहे. तरी श्वास मोजण्याचें काम डोळ्यांनींच करावें लागतें.

आंकड्यांइतकेंच माणसाकडे पाहावें. कालपर्यंत नीट बोलणारा रुग्ण आज असंबद्ध बोलतो काय? ओंठ निळसर दिसतात काय? लघवी फार कमी झाली काय? यांपैकीं कांहीं आढळल्यास सकाळची वाट पाहूं नये. जो स्वतः कूस बदलूं शकत नाहीं, त्याची कूस साधारण दर दोन तासांनीं बदलावी. टांचा व माकडहाडाची जागा रोज पाहावी. दाबूनहि न जाणारी लाली ही अंथरूणव्रणाची पहिली सूचना होय.

आणि एक साधी वही ठेवावी. तींत वेळ, ताप, नाडी, श्वास, दिलेलें औषध, एवढेंच लिहावें. गोळी किती वाजतां दिली हें लिहिलेलें असतें, तर ताप कां उतरला हें मलाहि कळलें असतें. त्या वहींत ‘बरें आहे’ असें मात्र लिहूं नये. हजेरीपटावर कोणताहि शिक्षक ‘मुलें पुष्कळ आलीं’ असें लिहीत नाहीं, तो मोजतो.