धनगराचा भुऱ्या आणि आमचा बांध

दिवाळी आटोपली, भाताची कापणी-झोडणी उरकली, की पनवेल, पेण, कर्जतच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्यांचे कळप दिसू लागतात. घाटावरच्या कोरड्या मुलखातले, पुणे-सातारा भागातले धनगर बिऱ्हाड घोड्यांवर लादून खाली कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी पुन्हा घाट चढतात. शेतकरी त्यांच्या मेंढ्या आपल्या शेतात दोन-चार रात्री बसवून घेतो. शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. हा व्यवहार फार जुना. त्यात मेंढ्या दिसतात, घोडी दिसतात, माणसं दिसतात. कुत्र्यांकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

वास्तविक रात्रीचा सगळा भार त्यांच्यावर असतो. मेंढ्या जाळीच्या वाघरीत बसल्या की कुत्री बाहेरच्या बाजूला चार कोपरे धरून बसतात. बिबट्या, कोल्हा, चोर, कुणाचीही चाहूल पहिल्यांदा त्यांना लागते. बिबट्या कुत्र्याची मान धरतो, म्हणून काही धनगर त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधतात. पण पट्टा फक्त बिबट्यापुरता. आपल्या शेतात याहून कितीतरी धोके पडलेले असतात, आणि त्यातले बरेचसे आपण माणसांनीच पेरलेले.

हे मला १९९६च्या हिवाळ्यात कळलं. तेव्हा मी नुकताच शिकून नोकरीला लागलो होतो आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांना शेतात मदत करत असे. भात निघाल्यावर खालच्या खाचरात आम्ही वाल पेरला होता. उंदरांनी बांध पोखरून काढला होता. मी बाजारातून झिंक फॉस्फाईडची पुडी आणली. वापरायची रीत विचारून घेतली होती. आधी दोन दिवस नुसतं धान्य ठेवायचं, मग तेल लावलेल्या धान्यात औषध कालवून ते बिळात खोल सारायचं, बिळाचं तोंड बुजवायचं आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरायचे. मी बी.ए. झालेला माणूस. सगळं समजलं होतं. पण संध्याकाळची गाडी गाठायची होती. बांधावर जागोजागी औषधाच्या पुड्या तशाच उघड्या ठेवल्या आणि निघालो. शेजारच्या आमच्याच रिकाम्या खाचरात दुसऱ्या दिवशी मेंढ्या बसणार होत्या, हेही मला ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी शेतावर गेलो, तेव्हा वडील माझ्याशी बोलेनात. धनगराचा भुऱ्या पहाटेपासून ओकत होता. तोंडाला लसणासारखा उग्र वास, पाय ताठरलेले. हे औषध पोटातल्या आम्लाशी मिसळलं की त्याचा विषारी वायू होतो आणि त्याला उतारा नाही, असं पुढे एका पशुवैद्यांनी मला सांगितलं. त्या दिवशी दुपार व्हायच्या आत भुऱ्या गेला. म्हाताऱ्या धनगराची क्षमा मागायला मी त्याच्या पालाशी गेलो. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "भाई, सांगितलं असतं तर बांधून ठिवला असता."

ते वाक्य मला आजही पुरतं. पुढच्या वर्षी ते धनगर आमच्या शेतात बसले नाहीत. आम्ही युरियाच्या गोण्या आणल्या.

त्यानंतर मी शेतं कुत्र्याच्या नजरेनं पाहायला शिकलो. विळ्यानं तिरकं कापलेलं भाताचं धसकट बांबूच्या चिपेसारखं धारदार असतं. धावत्या कुत्र्याचा पंजा त्यावर फाटतो. कुसळं बोटांच्या बेचक्यात, कानात शिरतात आणि आतल्या आत पुढे सरकत जातात. जखम उघडी राहिली की अळ्या पडतात. पेंढ्याच्या उडवीखाली घोणस असते, माळावरच्या दगडाखाली फुरसं. कुत्रा हुंगायला जातो आणि दंश तोंडावर किंवा पुढच्या पायावर बसतो. अशा वेळी चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. कुत्र्याला चालवू नये, उचलून दवाखान्यात न्यावं. सर्पदंशावरचं जे इंजेक्शन माणसाला देतात, तेच त्यालाही उपयोगी पडतं, पण वेळेवर मिळालं तर. रेबीजची लस तर दरवर्षी हवीच, कारण हा कुत्रा कोल्ह्यांच्या आणि गावोगावच्या कुत्र्यांच्या वाटेतच राहतो.

याशिवाय रानडुकरांसाठी लावलेली तारेची फासकी. आमिषात दडवलेले गावठी बॉम्ब. रानातलं जनावर असं मारणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तरी हे प्रकार थांबलेले नाहीत. फासकीला डुक्कर कोण नि कुत्रा कोण, हे कळत नाही. आणि कठडा नसलेल्या विहिरी! काठावर गवत माजलं की रात्री धावणाऱ्या जनावराला विहीर दिसत नाही.

माझी दादी आम्हाला हदीसमधली एक गोष्ट सांगायची. एक तहानलेला वाटसरू विहिरीत उतरून पाणी पितो. वर येतो तर एक कुत्रा तहानेनं ओली माती चाटताना दिसतो. तो पुन्हा खाली उतरतो, आपला जोडा पाण्यानं भरून आणतो आणि कुत्र्याला पाजतो. तेवढ्यावर त्याचे गुन्हे माफ होतात. दादी आमच्या कुत्र्याला घरात येऊ देत नसे, पण अंगणातलं त्याचं पाण्याचं भांडं कधी रिकामं राहू दिलं नाही तिनं.

आता पनवेल पूर्वीचं राहिलं नाही. २०१६ साली महानगरपालिका झाली, २०२५मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. जिथे मेंढ्या बसत, तिथे प्लॉट पडले आणि प्लॉटांना काटेरी तारा लागल्या. महामार्ग ओलांडताना मेंढ्या एकमेकींना धरून असतात. कुत्रा मात्र मागे राहिलेल्या कोकरासाठी परत फिरतो आणि गाडीखाली येतो. तरीही धनगर येतात. उरलेल्या खाचरांत त्यांची पालं पडतात.

आमचा तुकडा अजून आहे. मेंढ्या बसवायच्या असल्या की संध्याकाळी उजेड असेतो मी धनगराला घेऊन शेताला एक फेरी मारतो. इथे विहीर आहे, इथे तार आहे, पलीकडच्यानं औषध ठेवलंय, तिकडे कुत्रा सोडू नका. पंधरा मिनिटं लागतात. ऐकणाऱ्यांपैकी ज्यांची शेतं आहेत, त्यांनी एवढी फेरी मारावी, इतकीच विनंती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)