टायर झिजत नाही, म्हातारा होतो

(बारामती व इंदापूर तालुक्यांच्या कार्यकर्ता बैठकीत इंदापूर येथे केलेले भाषण)



आजच्या पत्रकावर पहिला विषय उसाचा दर आहे, दुसरा थकलेली बिले आणि तिसऱ्या क्रमांकाला नुसते 'टायर' असे छापले आहे. सकाळपासून चौघांनी आम्हाला विचारले, ही छापखान्याची चूक आहे का? चूक नाही. पहिल्या दोन विषयांवर आपण दरवर्षी बोलतो. तिसऱ्यावर कधीच बोललो नाही, आणि तो पहिल्या दोघांच्या पोटातलाच विषय आहे.

२०२४ च्या मे महिन्यात इथलीच बैठक उरकून आम्ही पाच जण जीपने बारामतीला निघालो होतो. निमगाव केतकी मागे पडले, अंथुर्णे यायचे होते. पुढचा डावा टायर नक्षीकडून नाही, बाजूने फाटला. जीप डावीकडे ओढली गेली आणि रस्ता सोडून थांबली. समोरून काही येत नव्हते, एवढेच आमचे नशीब. स्टेपनी चढवली आणि पुढच्या गावात पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने फाटलेल्या टायरच्या नक्षीत बोट घातले आणि म्हणाला, "नक्षी तर मापात आहे की." मग बाजूवरची माती पुसून चार आकडे दाखवले. ३२११. म्हणजे २०११ सालचा बत्तिसावा आठवडा. तेरा वर्षांचा टायर! नंतर त्याने आम्ही मोठ्या विश्वासाने चढवलेली स्टेपनी पाहिली. ती त्याहून जुनी निघाली.

आम्ही शेतकीचे पदवीधर. बियाण्याच्या पिशवीवरची तारीख पाहिल्याशिवाय पिशवी फोडू नका, औषधाच्या बाटलीवरची मुदत वाचा, असे गावोगाव सांगत फिरलो. त्याच जीपच्या टायरवरची तारीख आम्ही कधी वाचली नव्हती. ती असते हेही पाचांपैकी चौघांना माहीत नव्हते. तेव्हा आज जे सांगतो आहोत ते शहाणपणाने नव्हे, लाजेने सांगतो आहोत.

आकडे वाचायचे कसे ते आधी घ्या. टायरच्या बाजूवर इंग्रजी डी-ओ-टी अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी, बहुधा लांबट चौकटीत, चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, अर्थात जूनचा सुमार. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. त्याला हात जोडा आणि उतरवा. पुष्कळ टायरांना ही पूर्ण ओळ एकाच बाजूला असते आणि ती बाजू आत गेलेली असू शकते. बाहेरून दिसली नाही म्हणून सोडू नका, गाडीखाली वाका.

आता टायर न चालता म्हातारा कसा होतो? रबर म्हणजे लांब लांब साखळ्या, गंधकाच्या टाक्यांनी एकमेकींना जोडलेल्या. हवेतला प्राणवायू त्या साखळ्यांत शिरतो आणि रबर कडक व ठिसूळ होत जाते. उष्णता वाढली की हे काम झपाट्याने होते, आणि आपल्या भागातला एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको. दुसरा शत्रू ओझोन. हवेत तो अगदी थोडा असतो, पण जिथे रबर ताणलेले असते तिथेच तो साखळी तोडतो. टायरची बाजू हवेने आणि ओझ्याने सतत ताणलेली. म्हणून तडे तिथे दिसतात.

कारखान्यात टायर बनवताना यावर इलाज म्हणून रबरात मेण आणि संरक्षक द्रव्ये मिसळतात. टायर फिरतो, लवतो, तसे ते मेण आतून वर येत राहते आणि पृष्ठभागावर पातळ थर धरते. गाडी उभी राहिली की हे थांबते. म्हणजे रोज चालणाऱ्या एसटीचा टायर झिजून मरतो आणि आपला उभ्या उभ्या मरतो. उसाच्या ट्रॉलीचे पाहा. दिवाळीच्या सुमाराला कारखाना पेटतो, मार्चच्या आसपास पट्टा पडतो. पाच महिने दुप्पट ओझे आणि सात महिने बांधाला उन्हात, निम्म्या हवेवर, एकाच जागी दबलेले टायर. माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, कुठल्याही कारखान्याच्या वाटेवरच्या वस्त्यांवर पावसाळ्यात हेच दृश्य. तुकोबांच्या पालखीबरोबर याच रस्त्याने दिंड्यांचे ट्रक आणि टँकर जातात. त्यातले कित्येक वर्षभर उभे असतात आणि वारीपुरते बाहेर निघतात, वर माणसे भरून.

त्यात आपले उपाय आणखी घातक. टायर काळा दिसावा म्हणून कोणी जळके ऑईल चोळतो, कोणी डिझेलने पुसतो. तेलाने रबर फुगते, वरचे मेण धुऊन जाते, चार दिवस टायर चमकतो आणि मग लवकर फुटतो. साबणाचे पाणी पुरे. वेल्डिंगच्या शेडमध्ये किंवा मोटरीशेजारी जादा टायर ठेवू नका, ठिणगीबरोबर ओझोन तयार होतो. हंगाम संपला की ट्रॉली ओंडक्यावर उचलून ठेवा, टायरांचा भार जाऊ द्या, वर गोणपाट किंवा पाचट टाका. याला पैसा लागत नाही.

तडे पाहताना घाई करू नका आणि घाबरूही नका. केसासारख्या वरवरच्या चिरा जुन्या टायरला येतातच. नांगरटीला आणि कुळवणीला चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर तेवढ्याच असतील तर उद्याच काढा असे आम्ही म्हणणार नाही, वेग कमी असतो. पण चिरेत नख शिरते, चिरा एकमेकींना मिळून गोल फिरल्या आहेत, रिंगेजवळ किंवा नक्षीच्या खोबणीच्या तळाला तडे आहेत, आतला दोरा किंवा तार दिसते, बाजूला फुगा आला आहे, यातले एकही असेल तर तो टायर रस्त्यावर नेऊ नका. फुगा म्हणजे आतले दोरे तुटले. तिथे पंक्चरवाल्याचा पॅच चालत नाही, कोणी लावून देतो म्हणाला तरी लावू नका.

कायद्याचे म्हणाल तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नक्षीची खोली सांगितली आहे. दुचाकी-तीनचाकीला ०.८ मिलिमीटर, बाकीच्यांना १.६ मिलिमीटर. तपासणीला नक्षीचे माप लागते, जन्मतारीख कोण विचारतो? आमच्या जीपचा टायर त्या मापात सहज पास झाला असता. इंग्लंडात सप्टेंबर २०१२ मध्ये तरुण मुलांना घेऊन निघालेली एक बस पुढचा टायर फुटून झाडावर आदळली. तीन माणसे गेली. टायरचे वय साडेएकोणीस वर्षे, आणि तो वापरायला तिथेही बंदी नव्हती. त्यात मुलगा गमावलेल्या एका आईने वर्षानुवर्षे सरकारचा पिच्छा पुरवला, तेव्हा १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर लावायला तिथे बंदी आली.

टायर कंपन्यांचा साधारण सल्ला असा की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षे झाली की दिसायला कसाही असो, काढावा. कित्येक मोटार कंपन्या सहाच वर्षे सांगतात. आपले ऊन आणि आपले ओझे पाहता मोटार, जीप आणि पिकअपला सहाचा हिशोब धरावा असे आमचे मत आहे. स्टेपनीलाही तोच. रिमोल्डचा टायर घेताना वरचे रबर पाहू नका, खालच्या सांगाड्याचे चार आकडे पाहा. तरणी कातडी, म्हातारी हाडे.

इथे कोणीतरी मनात म्हणत असेल, साहेब, माहीत आहे हो सगळे, पण पैसा? बरोबर आहे. म्हणूनच हा विषय या व्यासपीठावर आणला. ट्रॅक्टरचे चार आणि दोन ट्रॉल्यांचे आठ, असे बारा टायर. टायरगाडीला दोन, आणि तिच्यावर बीडकडून आलेले जोडपे बसलेले असते. एक टायर बसला की गाडी एका अंगाला कलते आणि सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. हे टायर दर काही वर्षांनी बदलायचे तर दरसाल काही रक्कम बाजूला पडली पाहिजे. तिला घसारा म्हणतात. कारखानदार यंत्राचा घसारा आपल्या ताळेबंदात धरतो. आपल्या खर्चाच्या तक्त्यातही अवजारांच्या घसाऱ्याचा रकाना आहे. पण माहिती विचारायला माणूस आला की आपण काय सांगतो? "टायर ना, चाललेत अजून." त्याने शून्य लिहिले तर दोष कोणाला देणार? एफआरपी कारखान्याच्या दारातली, तोडणी-वाहतूक त्यातून कापलेली, आणि वाहतुकीचा दर ठरताना बारा टायरांचे वय कोणी विचारत नाही. न धरलेला घसारा कुठे जात नाही. तो टायरच्या बाजूवर चिरा होऊन दिसतो.

बाजाराची बाजूही ऐकून ठेवा. केरळचा रबर पिकवणारा आपलाच भाऊ, त्याच्या मालाचा भाव पडला तेव्हा आपला टायर काही त्या मानाने उतरला नाही. संगनमताने दर ठरवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने पाच टायर कंपन्यांना सतराशे कोटींच्या वर दंडाचा आदेश २०१८ मध्ये दिला, तो जाहीर झाला २०२२ च्या फेब्रुवारीत, आणि त्याच डिसेंबरात अपिलात तो रद्द होऊन प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर १८ वरून ५ टक्के आणि मोटारीच्या टायरवर २८ वरून १८ टक्के झाला. दुकानदाराकडे गेलात तर कराचा आकडा पक्क्या बिलावर पाहा आणि बिलावरच टायरचे चार आकडे लिहून मागा. दोन वर्षे गोदामात पडलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारू देऊ नका.

बैठकीच्या मैदानात आत्ता वाहने उभी आहेत. फाटकाजवळ खडूचा डबा ठेवला आहे. जेवणाआधी प्रत्येकाने आपल्या गाडीखाली वाकून सगळ्या टायरांवर, स्टेपनीसकट, वर्ष लिहायचे. सहाच्या वरचे असतील त्यांनी वही घेऊन बसलेल्या आमच्या कार्यकर्त्याकडे गाव, वाहन आणि टायरांची संख्या नोंदवायची. वाहतूक दराच्या बोलणीला आम्ही तीच वही घेऊन जाणार आहोत. आमच्या जीपचे पाचही टायर नवे आहेत, तरी सुरुवात तिच्यापासून करा.