आरोग्य पाड्यापर्यंत
(कांजूरमार्ग येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्या नळाचं पाणी शेजारच्या भांडुप संकुलातून येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातलं बरंचसं वैतरणेचं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावाजवळ आहे. त्याच्या शेजारच्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीत, 1992-93 साली शंभराहून अधिक मुलं कुपोषणाने आणि साध्या आजारांनी दगावली. तेव्हा महाराष्ट्र हादरला. पुढे नवसंजीवन योजना आली, 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, 2015 मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण देणारी अमृत आहार योजना आली. या योजनांचं मोल मी कमी मानत नाही. पण आज मला वेगळं विचारायचं आहे: आदिवासी भागातली आरोग्यसेवा कुणाच्या हाती असली म्हणजे चालते?

सरकारी निकष उदार आहे. मैदानी भागात 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात 3,000 मागे. मात्र ते 3,000 लोक डोंगराच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या पाड्यांवर राहतात. पावसाळ्यात ओहोळ भरला की बाळंतिणीला झोळीत घालून न्यावं लागतं. शिवाय दवाखान्यात जायचं म्हणजे घरातल्या दोघांची मजुरी बुडते. आणि तिथे पोहोचल्यावर आपल्याशी कोण कसं बोलेल, याची धास्ती असते ती वेगळीच.

या धास्तीचा विचार गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केला. 1986 च्या सुमारास त्यांनी तिथे 'सर्च' या आपल्या संस्थेचं काम सुरू केलं. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. नातेवाइकांना बाहेर काढतात, मोठ्या इमारतीत जीव घाबरतो, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, अशी उत्तरं आली. मग संस्थेच्या शोधग्राम या परिसरात झोपड्यांसारखा दवाखाना बांधला गेला. रुग्णाबरोबर घरच्यांना राहता येईल अशी सोय झाली आणि दवाखान्याला लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. हे दिखाऊपण नव्हतं. रुग्णाला आधी माणूस म्हणून ओळखणं ही उपचाराचीच पहिली पायरी आहे, असं मी मानतो.

त्याहून धाडसाचं काम नवजात बाळांचं होतं. गडचिरोलीतल्या 39 गावांत, जिथे सगळेच काही आदिवासी नव्हते, गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, त्याला ऊब द्यायची, लवकर अंगावर पाजायला लावायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त चालत असेल, तर ती धोक्याची खूण. ज्यांना मोजणं जड जाई त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं गेलं. जंतुसंसर्ग दिसला तर घरातच प्रतिजैविकाचं इंजेक्शन! जेमतेम शिकलेल्या बाईच्या हातात सुई द्यायची, हे अनेक डॉक्टरांना पटण्यासारखं नव्हतं. पण 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या गावांतलं नवजात बालमृत्यूचं प्रमाण हजारामागे 62 वरून 25 च्या आसपास आलं होतं. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते जवळपास होतं तिथेच राहिलं.

ती बाई गावातलीच होती. रात्री दोनला हाक मारली तर येत होती, सासूशी तिच्याच बोलीत बोलत होती. माझ्या मते सगळं यश इथे आहे.

2011 पासून ही घरच्या घरी नवजात बाळाची काळजी देशभर आशाताईंकडे आली. 42 दिवसांत सहा भेटी, बाळंतपण घरी झालं असेल तर सात. सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की केंद्राने ठरवलेला मोबदला 250 रुपये. डोंगरातला पाडा असो की सपाटीवरचं गाव, मोबदला तोच! 2024 च्या सुरुवातीला आझाद मैदानात आशाताई मोबदल्यासाठी बसल्या होत्या. तुमच्यापैकी कित्येकजण तेव्हा रोज सीएसएमटीला उतरत असाल. जिच्या पायावर ही सगळी व्यवस्था उभी आहे तिला स्वयंसेविका म्हणायचं आणि राबवून मात्र पूर्णवेळ घ्यायचं, हा अन्याय आहे. मी तो सौम्य शब्दांत सांगणार नाही.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या दाराशी आलेला. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहते अंगणवाडीच्या वहीतली नोंद, बाळ गेलेलं असतं भट्टीवर. गावची आशाताई तिथे पोहोचत नाही आणि भट्टीजवळच्या आशाताईच्या यादीत ते बाळ नसतं. लस चुकते, वजन चुकतं, आणि पावसाळ्याआधी घरी परतेपर्यंत बाळ खंगलेलं असू शकतं.

या सभागृहात बांधकामाच्या धंद्यातली मंडळी आहेत, सोसायट्यांचे पदाधिकारी आहेत. विटा घेताना भट्टीमालकाला विचारा: इथल्या मुलांची नावं जवळच्या अंगणवाडीत घातली आहेत का, आणि आशाताई भट्टीवर येते का? उत्तर नकारार्थी आलं तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लेखी कळवा, आणि पत्राची पोच घ्या.