कचरा दुकानाचा, हिशेब मावशींचा



मी बँकेतला कारकून, तोही कला शाखेचा. प्लॅस्टिकचे रसायनशास्त्र मला विचारू नका. पण हा विषय मुळात हिशेबाचा आहे, म्हणून उभा राहिलो.

आमच्या शाखेत एक मावशी बचत खात्यात पैसे भरायला येतात. बारामतीच्या बाजारपेठेत त्या भंगार वेचतात. एकदा मी सहज विचारले, "मावशी, या खेपेला रक्कम कमी कशी?" त्या म्हणाल्या, "माल तेवढाच हाय साहेब, पर हॉटेलवाल्यानं पिशव्यांवर आमटी ओतली."

दुधाची पिशवी कोरडी आणि स्वच्छ असली तर ती वितळवून दाणे करतात, दाण्यांपासून नवी वस्तू होते. तीच खरकट्यात गेली की धुण्याचा खर्च परवडत नाही आणि भंगारवाला हात लावत नाही. पिशवीचा कोपरा कापून वेगळा टाकू नये. तो चिमुकला तुकडा वेचणार कोण?

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. पाण्याची बाटली व तिचे झाकण यांचे तुकडे बादलीत बुडवून सोडा. बाटलीचा तुकडा तळाला बसेल, झाकणाचा वर येईल. दोन्ही प्लॅस्टिके निराळी. कारखान्यातल्या हौदातही निवड अशीच होते. वेफर्सच्या पुडीत मात्र निरनिराळे थर चिकटवलेले असतात, तिला गिऱ्हाईक नाही.

नीरा डावा कालवा बारामतीकडून इंदापूरकडे जातो आणि कालव्यात टाकलेल्या पिशव्याही तिकडेच जातात. तिथे शेतीचे प्लॅस्टिक वेगळेच. ठिबकच्या जुन्या नळ्या विकल्या जातात, पण मल्चिंग पेपर पातळ आणि मातीने माखलेला, म्हणून बांधावर पेटवला जातो. विकणाऱ्या दुकानदारानेच तो परत घेण्याची सोय करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

२३ मार्च २०१८ च्या राज्य शासनाच्या अधिसूचनेतला दंड व्यापाऱ्यांना तोंडपाठ आहे : पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, पुढे २५ हजार व तीन महिन्यांपर्यंत कैद. दुधाची रिकामी पिशवी परत केल्यास किमान ५० पैसे द्यावेत, हेही त्यातच होते. ते पन्नास पैसे माझ्या हाती तरी कधी पडले नाहीत.

पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव आदींच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य आपल्या दलित भगिनी. उकिरड्यावर हाकलल्या जाणाऱ्या बायकांना ओळखपत्र मिळाले, आणि २००८ साली त्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. माल दारातच वेगळा करून हाती आला, तर बाईला उकिरडा उपसावा लागत नाही. हे काम दुकानदारही करू शकतो.

त्या हॉटेलवाल्याला मी भेटलो. "जागा कुठाय?" तो म्हणाला. मी गल्ल्याखालची रिकामी गोणी दाखवली. आता पिशव्या गोणीत जातात आणि दर शनिवारी मावशी ती घेऊन जातात. नवा वेटर अजून कधीमधी आमटी ओततो.