कढीलिंबावरची अळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शास्त्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी आपली कुंडीतल्या कढीलिंबाविषयी बोलणार आहे.

फोडणीला पाने तोडताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी हाताला लागते. आपण "शी!" म्हणून ती खाली टाकतो आणि चपलेने चिरडतो. मुले पाहत असतात. तीच मुले संध्याकाळी फुलपाखरामागे धावतात, तेव्हा आपल्याला कौतुक वाटते. जीव एकच, हे त्यांना कोणी सांगायचे? पुस्तकातली अंडी, अळी, कोश ही चित्रे ती पाठ म्हणतात, पण चित्र काही हलत नाही.

लिंबाचे फुलपाखरू कोवळ्या पानावर खसखशीहून जरासे मोठे, पिवळट अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. चारदा कात टाकून ती हिरवीगार होते. काडीने हळूच शिवले, तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. मुले किंचाळतात आणि "पुन्हा दाखव" म्हणतात. एकदाच दाखवावे. तो तिचा बचाव आहे, आपला खेळ नव्हे. केसाळ सुरवंटाला मात्र हात लावू देऊ नये. त्याने अंगाला खाज सुटते.

मग एके दिवशी ती खाणे सोडते. "आई, ही आजारी आहे का?" अशा वेळी लगेच सारे सांगून टाकू नये, "बघू या उद्या" म्हणावे. ती कमरेला रेशमाचा एक धागा घेऊन काडीला टेकते, शेवटची कात टाकते आणि कोश होतो. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येते. पंख ओले, चुरगळलेले असतात. मुलांना मदत करावीशी वाटते. ती करू देऊ नये. पंख ताणून वाळायला वेळ लागतो, हात लागला तर ते कायमचे अधू होतात.

आपल्या राज्याने २०१५ साली नीलवंताला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळीही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढते. मानाचे फुलपाखरू हवे आणि अळी नको, हे कसे जमेल?

रोप बोडके होईल, ही भीती काही जणींना वाटेल. रोप अगदी लहान असेल तर एखादीच अळी ठेवून बाकीच्या मोठ्या झाडावर सोडाव्यात. पालवी पुन्हा फुटते.

सध्या आमच्या कुंडीत दोन कोश आहेत. ज्यांना मुलांना दाखवायचे असतील, त्यांनी सकाळी यावे. फुलपाखरू बहुधा सकाळीच बाहेर पडते.